झडती नको म्हणून रात्रभर गाडी?

पत्र

नमस्कार,

माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत. दोन्ही गुडघे बदललेले आणि छातीत पेसमेकर. मागच्या वेळी विमानानं जाताना मेटल डिटेक्टर वाजला आणि सगळ्यांसमोर त्यांची झडती झाली. बेल्ट काढायला लावला, हात आडवे पसरायला सांगितले. पँट सावरायला हात मोकळा नव्हता. रांगेतले लोक बघत होते. मी पलीकडे ट्रेमधून त्यांच्या गोळ्या, चष्मा, मोबाइल गोळा करत होते. त्यांच्याकडे धावले तर मलाच अडवलं. त्या दिवसापासून बाबांचं एकच म्हणणं आहे, "विमान नको. चोरासारखं उभं केलं मला."

पुढच्या महिन्यात ताईच्या मुलीचं लग्न आहे, ९०० किलोमीटरवर. दादा म्हणतो, "विमानाच्या भानगडीत पडूच नका. मी रात्रभर गाडी चालवून सगळ्यांना नेतो. दोन तास आधी जा, रांगा लावा, बूट काढा, पाण्याची बाटली फेकून द्या, आणि एवढं करून हे लोक पकडतात कुणाला? सगळा देखावा आहे." मलाही त्याचं पटायला लागलंय. शिवाय त्या यंत्रांनी पेसमेकरला काही होतं का, ही भीती आहेच. काय करू?

एक मुलगी

उत्तर

विमानानंच जा. कारणं पुढे देते, पण निर्णय आधी सांगितलेला बरा, म्हणजे तिकिटं वेळेत निघतील.

बाबांच्या मनात जे बसलंय त्यापासून सुरुवात करू. "चोरासारखं उभं केलं" या त्यांच्या बोलण्यावर "अहो बाबा, सगळ्यांचीच तपासणी होते" असं म्हणून विषय बंद करू नका. आयुष्यभर ताठ मानेनं वावरलेल्या माणसाला चारचौघांत हात पसरून उभं राहावं लागलं, पँट घसरेल की काय या धास्तीत, आणि हे कशासाठी चाललंय ते कुणी धड सांगितलं नाही. अपमान झालाच. तो मान्य करा. मात्र त्या दिवशी जे झालं त्यातलं थोडं अटळ होतं आणि बरंचसं टाळता येण्यासारखं होतं.

यंत्र वाजणं अटळ होतं. मेटल डिटेक्टरच्या त्या चौकटीत चुंबकीय क्षेत्र असतं आणि धातू त्यातून गेला की ती वाजते. कृत्रिम गुडघा धातूचाच असतो. हा धातू खिशातल्या सुरीचा आहे की गुडघ्यातला, हे चौकटीला कळत नाही, म्हणून माणसानं हातानं तपासावं लागतं. डॉक्टरांचं पत्र किंवा पेसमेकरचं कार्ड दाखवलं तरी ही पुढची तपासणी माफ होत नाही, कारण कार्ड कुणीही छापू शकतं. कार्डामुळे एवढंच होतं की समोरच्याला आधीपासून माहीत असतं आणि तो जरा सांभाळून वागतो. बाबांवर कुणी संशय घेतला नव्हता. गुडघे बदललेला प्रत्येक माणूस त्या चौकटीतून गेला की बहुधा हेच होतं. त्यांना हे आधी माहीत असतं तर तो आवाज त्यांना इतका लागला नसता.

तुम्हाला अडवलं, त्यामागेही कारण आहे. झडती चालू असताना बाहेरच्या माणसानं जवळ जायचं नाही, कारण तेवढ्यात एखादी वस्तू हातातून हातात जाऊ शकते. पण "जरा थांबा, झालं की या" असं दोन शब्दांत सांगता आलं असतं. ते न सांगणं हा त्या माणसाचा दोष आहे, नियमाचा नाही.

आता दादा म्हणतो त्या देखाव्याबद्दल. त्याचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही, कारण ते अर्धं खरं आहे.

विमानप्रवासाची तपासणी कुणी एका दिवशी बसून आखलेली नाही. प्रत्येक नियमामागे एक घटना आहे. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत एकट्या अमेरिकेत १३० हून जास्त विमानं पळवली गेली किंवा पळवायचा प्रयत्न झाला. तोवर प्रवासी बसमध्ये चढावं तसे विमानात चढत असत. जानेवारी १९७३ पासून तिथे प्रत्येक प्रवाशाची आणि त्याच्या हातातल्या बॅगेची तपासणी सक्तीची झाली आणि विमानं पळवण्याची ती लाट ओसरली. दादा ज्या चौकटीला नावं ठेवतोय, तिनं हे काम केलं आहे.

पण ही तपासणी फक्त माणसाला आणि त्याच्या हातातल्या बॅगेला अडवते. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं कनिष्क हे विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ हवेत फुटलं आणि ३२९ माणसं गेली. स्फोटकं चेक-इन केलेल्या बॅगेत होती, आणि ज्याच्या नावावर ती बॅग चढवली तो माणूस विमानात बसलाच नव्हता. तीन वर्षांनी, २१ डिसेंबर १९८८ ला, स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचं विमान असंच कोसळलं. विमानातले २५९ आणि गावातले ११ जण मेले. तिथे सुटकेसमधल्या रेडिओ-कॅसेट प्लेअरमध्ये बॉम्ब लपवला होता, आणि ती सुटकेसही बिनमालकाची होती. म्हणून आज एखादा प्रवासी चेक-इन करून विमानात चढला नाही, तर त्याची बॅग शोधून खाली उतरवतात आणि सगळं विमान त्यासाठी थांबतं. अशा वेळी आत बसलेले लोक वैतागतात. मला तो अर्धा तास कधीच जास्त वाटत नाही. ३२९ माणसं गेली, तेव्हा ही पद्धत पक्की झाली.

सगळे नियम असे भक्कम नाहीत. डिसेंबर २००१ मध्ये पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात एकानं बुटातली स्फोटकं पेटवायचा प्रयत्न केला. त्याला धरलं ते विमानातल्या कर्मचाऱ्यांनी आणि प्रवाशांनी. पुढे अमेरिकेत २००६ पासून सगळ्यांना बूट काढणं सक्तीचं झालं, आणि ते जुलै २०२५ मध्ये रद्द झालं. मधल्या काळात जगातल्या अनेक विमानतळांवर बूट न काढताच लोक सुखरूप प्रवास करत होते. पाण्याच्या बाटलीचंही तसंच. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटिश पोलिसांनी एक कट उघडकीला आणला. शीतपेयांच्या बाटल्यांत द्रव स्फोटकं भरून अटलांटिक ओलांडणारी विमानं पाडायचा तो बेत होता. धोका खरा होता. त्यातून १०० मिलिलिटरची मर्यादा आली, कारण तेव्हाची एक्स-रे यंत्रं पाणी आणि स्फोटक द्रव यांत भरवशानं फरक करू शकत नव्हती. आता रुग्णालयातल्या सीटी स्कॅनसारखी यंत्रं आली आहेत. ती बॅगेचं सगळ्या बाजूंनी चित्र देतात, आणि काही विमानतळांवर मोठ्या बाटल्या आणि लॅपटॉप बॅगेतच ठेवता येतात. पण नियम देशोदेशी वेगवेगळे आहेत, आणि एका विमानतळावर चाललेली बाटली परतीच्या विमानतळावर काढून घेतात. लोकांचा विश्वास उडतो तो इथे.

दादाच्या बाजूनं आणखी एक गोष्ट मीच सांगते. २०१५ मध्ये अमेरिकेत साध्या वेशातल्या सरकारी तपासनीसांनी नकली हत्यारं आणि नकली स्फोटकं घेऊन विमानतळांवर चाचण्या केल्या. ७० पैकी ६७ वेळा ती पकडली गेली नाहीत. हा आकडा बाहेर आल्यावर मोठी खळबळ उडाली, आणि उडायलाच हवी होती. पडद्यावर तासन्‌तास बॅगा बघणाऱ्या माणसाची नजर थकते. म्हणूनच युरोपात सलग २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ ते चित्र बघायचं नाही असा नियम आहे, आणि लक्ष टिकावं म्हणून यंत्र मधूनच खोट्या बंदुकीचं चित्र बॅगेत घुसवतं. तरीही चुका होतात.

मग उपयोग काय? माझ्या मते उपयोग आहे. जो माणूस कट रचतो त्याला आपण त्या तिघांत असू की सदुसष्टांत, हे आधी कळत नाही. शिवाय चौकट ही एकच भिंत नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर विमानाचा कारभार सगळ्यात जास्त बदलला तो कॉकपिटच्या मजबूत, आतून बंद होणाऱ्या दारानं. त्यासाठी आपल्याला रांगेत उभं राहावं लागत नाही, म्हणून त्याचं कुणी नावही घेत नाही. त्या दाराचीही किंमत मोजावी लागली. मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्स या विमान कंपनीच्या सहवैमानिकानं मुख्य वैमानिक बाहेर गेल्यावर दार आतून बंद केलं आणि विमान आल्प्समध्ये आदळवलं. १५० माणसं गेली. सुरक्षेचा कुठलाही उपाय फुकट मिळत नाही, आणि "आणखी तपासा" असं म्हणणाऱ्यांनाही मी हेच सांगेन.

तर दादाचं हे म्हणणं की काही नियम जुने झालेत, काही वेळ वाया घालवतात, ते बरोबर आहे. त्यावरून त्यानं जो मार्ग काढलाय तो मात्र चुकीचा आहे, आणि याच गोष्टीसाठी मला या पत्राला उत्तर द्यावंसं वाटलं.

तपासणीला कंटाळून किंवा घाबरून लोक विमान सोडतात तेव्हा ते घरी बसत नाहीत. ते रस्त्यानं जातात. आणि किलोमीटरमागे धोका बघितला तर रस्ता विमानापेक्षा कितीतरी जास्त जीवघेणा आहे. २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत लाखो लोकांनी विमान टाळून गाडी काढली. गेर्ड गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं नंतर हिशेब मांडला. पुढच्या १२ महिन्यांत त्यामुळे रस्त्यांवर सुमारे १,५०० माणसं जास्त मेली असा त्यांचा अंदाज आहे. हल्ल्यासाठी पळवलेल्या चार विमानांत जितकी माणसं होती, त्याच्या कितीतरी पट ही संख्या आहे. त्यांची बातमी झाली नाही, कारण ती एकेक, दोन-दोन करून वेगवेगळ्या रस्त्यांवर गेली.

ही निव्वळ भीतीची गोष्ट झाली. गैरसोयीचीही वेगळी मोजणी झाली आहे. २००२ च्या अखेरीपर्यंत अमेरिकेत सगळ्या चेक-इन सामानाची तपासणी सुरू झाली. कॉर्नेल विद्यापीठातल्या ब्लालॉक, कडियाली आणि सायमन या तीन अर्थतज्ज्ञांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की या एका उपायामुळे विमानप्रवासी सुमारे ६ टक्क्यांनी घटले, आणि सगळ्यात गर्दीच्या ५० विमानतळांवर तर सुमारे ९ टक्क्यांनी. माणसं सुरक्षित व्हावीत म्हणून केलेल्या उपायानं काही माणसं जास्त धोक्याच्या वाटेवर गेली. तपासणी ठरवणाऱ्यांनी रांगेची लांबी आणि वागणुकीची तऱ्हा याचा विचार का करायला हवा, ते इथे दिसतं. रांगेतला माणूस अपमान सहन करून परत येईलच असं नाही. तुमचे बाबा येणार नाही म्हणतायत.

दादाचा बेत बघा. ९०० किलोमीटर, रात्र, चालवणारा एकटा. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर झोप मागतं, मग माणूस कितीही कणखर असो. पापणी दोन-तीन सेकंद मिटली तरी ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात गाडी पन्नास ते ऐंशी मीटर पुढे गेलेली असते. मागे ७४ वर्षांचे बाबा, कृत्रिम गुडघे वाकवून अख्खी रात्र बसलेले. ज्या भीतीपोटी हे चाललंय त्यापेक्षा हे भय खूप मोठं आहे. दादाला हे भांडण न करता सांगा. त्याला बाबांचा त्रास वाचवायचा आहे, हे मला कळतं.

पेसमेकरचं उत्तर सोपं आहे. चौकटीतून नेहमीच्या चालीनं निघून गेलं तर पेसमेकरला धोका नाही. तिथे रेंगाळायचं नाही, टेकायचं नाही. हातात धरायचा डिटेक्टर मात्र छातीवर फार वेळ धरू नये, आणि ते बाबांनी आधीच सांगायचं. बॉडी स्कॅनर असेल तर उत्तम, तोच मागून घ्या. मिलिमीटर तरंगांवर चालणारा तो स्कॅनर शरीराच्या पृष्ठभागावर काय आहे ते बघतो. शरीराच्या आत त्याला दिसत नाही, त्यामुळे गुडघ्यातला धातू तिथे सहसा वाजत नाही. त्यात क्ष-किरणही नसतात. बाबांना उघडं शरीर दिसण्याचा संकोच वाटत असेल तर सांगा की आजच्या स्कॅनरच्या पडद्यावर सगळ्यांसाठी एकच रेखाकृती असते, आणि काही आढळलं तर तिथे फक्त एक चौकोन उमटतो. पूर्वीच्या एका प्रकारच्या स्कॅनरमध्ये शरीराची बाह्यरेषा स्पष्ट दिसायची. लोकांनी विरोध केला आणि २०१३ पर्यंत अमेरिकेच्या विमानतळांवरून ती यंत्रं हटवली गेली. प्रवाशांच्या तक्रारीनं नियम बदलतात, याचं हे चांगलं उदाहरण आहे. तरीही एकदा बाबांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून घ्या, म्हणजे बाबांचीही खात्री पटेल.

आता त्या दिवशीचं. तिकीट काढल्यावर विमान कंपनीला फोन करा आणि व्हीलचेअर मागा. मदत हवी असेल तर किमान ४८ तास आधी कळवा असं बऱ्याच कंपन्या सांगतात. बाबा म्हणतील मी चालू शकतो. चालू दे त्यांना, पण लांब रांगेत उभं राहणं वेगळं. एक गोष्ट मात्र लपवत नाही. व्हीलचेअरवर बसून गेलं तर चौकट टळते आणि हातानं तपासणी जवळपास ठरलेलीच असते, पण बसल्या जागी होते. बाबांना कुठलं कमी जाचक वाटतं ते त्यांनाच ठरवू द्या.

कपडे हा तुमच्या हातातला सगळ्यात मोठा उपाय आहे. इलॅस्टिकची किंवा नाडीची पँट, बेल्ट नाही, धातूची बटणं कमी, खिसे रिकामे, चटकन निघणारे बूट आणि आत मोजे. मागच्या वेळचा निम्मा त्रास त्या बेल्टचा होता.

झडती आडोशाला करा असं मागता येतं. बहुतेक देशांत प्रवाशाला खाजगी खोली किंवा पडदा मागता येतो, पुरुषाची झडती पुरुषानं आणि बाईची बाईनं करायची असते, आणि बऱ्याच ठिकाणी सोबत एक माणूस नेता येतो. पण ते आपणहून कुणी देत नाही, मागावं लागतं, आणि चौकटीत पाऊल टाकण्याआधी मागावं लागतं. बाबांनी म्हणायचं वाक्य घरी ठरवून ठेवा: "माझे दोन्ही गुडघे कृत्रिम आहेत आणि छातीत पेसमेकर आहे. तपासणी आडोशाला करा, आणि माझी मुलगी सोबत राहील." हे त्यांनीच म्हणावं, तुम्ही नाही. मागच्या वेळी त्यांच्याबाबतीत सगळं घडत गेलं. या वेळी सुरुवात त्यांच्या तोंडून होऊ दे.

तुम्ही त्यांच्या मागे राहा. तुमच्याबरोबर आणखी कुणी असेल तर त्याला पुढे पाठवा, पलीकडे ट्रे उचलायला. बाबांच्या गोळ्या एका पारदर्शक पिशवीत, हातातल्या बॅगेत सगळ्यात वर ठेवा. द्रव औषध १०० मिलिलिटरपेक्षा जास्त असेल तरी बहुतेक ठिकाणी चालतं, फक्त ते वेगळं काढून दाखवायचं, आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असलेली बरी. पॉवर बँक चेक-इन सामानात टाकू नका. लिथियमची बॅटरी पेटली तर केबिनमध्ये विझवता येते, सामानाच्या कप्प्यात ती कळायलाही उशीर होतो. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक सहसा हातातल्या बॅगेत चालते.

कधी कधी हातावरून किंवा बॅगेवरून कापडाची पट्टी फिरवून ती यंत्रात घालतात. तो स्फोटकांचा अंश शोधायचा प्रकार आहे. हाताला लावायच्या क्रीममधलं ग्लिसरीन, बागेतलं खत किंवा हृदयरोग्यांना देतात ती नायट्रोग्लिसरीनची औषधं, यांनीही ते यंत्र वाजू शकतं. तसं झालं तर घाबरायचं नाही, गोळीचं पाकीट दाखवायचं, आणि ते लोक पुन्हा तपासतील.

कुणी उद्धट बोललं तर तिथे वाद घालू नका, वरिष्ठाला बोलवा असं शांतपणे सांगा. वेळ आणि काउंटरचा क्रमांक टिपून ठेवा आणि नंतर लेखी तक्रार करा. मागच्या प्रसंगाचीही तक्रार तुम्ही अजून करू शकता, आणि करावी असं मला वाटतं. झडती घेतली म्हणून नाही, तर कारण न सांगता आणि सगळ्यांदेखत घेतली म्हणून.

बाबांशी बोलताना माझे आकडे त्यांना वाचून दाखवू नका. आकडे दादासाठी आहेत. बाबांना क्रम सांगा: आधी काय होईल, मग काय, कोण कुठे उभं असेल, यंत्र वाजेल आणि ते का वाजेल. हवं तर घरातच एकदा करून बघा, हात कसे धरायचे तेही. ऐकून घेऊनही ते नाहीच म्हणाले, तर गाडीनं जा, पण दिवसा, वाटेत एक मुक्काम करून, आणि चालवायला दुसरं माणूस घेऊन. रात्रभरचा बेत कुठल्याही परिस्थितीत नको.

ते हो म्हणाले तर त्यांची सीट विमानातल्या मधल्या वाटेकडेची घ्या, म्हणजे गुडघा लांब करता येईल आणि मधून उठता येईल. आणि विमान कंपनीला फोन तिकीट काढलं त्याच दिवशी करा, नंतर म्हणून ठेवू नका.